गाळलेला वार

मी म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं काम करतो. नुसतं बसायचं. बसल्या बसल्या त्या घरात कोण दात खाऊन राहिलं, कोण चुलीमागं रडून राहिलं आणि कोण सकाळपासून जेवलं नाही, एवढं पाहायचं. ज्या संस्थेकडून मी जातो तिथं या कामाला समुपदेशन म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. चौथीत शाळा सुटली, पुढची सगळी जवानी भाताच्या गिरणीत कट्टे, म्हणजे पोती, वाहण्यात गेली. गावातल्या कोणी विचारलं, "दयाराम, सायकल घेऊन कुठं जाऊन राहिला गा?" तर मी सांगतो, "बुढ्याबुढींजवळ बसाले." लोक हसतात. "तू सोताच बुढा. तुह्याजवळ कोण बसते?" म्हणतात.

कोणी बसत नाही. माझी बायको शांता वारली तेव्हापासून घरात मी आणि भिंती. पण ते रडगाणं ऐकवायला हा लेख नाही. दिवाळीचा अंक आहे, लोक चकली खाता खाता वाचतील. कामाबद्दल लिहा असं अंकवाले म्हणाले, म्हणून कामाबद्दलच लिहितो. बायको मधे मधे येईल, त्याला माझा इलाज नाही.

या कामात मी आलो तो तिच्यामुळेच. तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली. पोरगी लग्न होऊन लांब. तिचं न्हाणंधुणं, हगणंमुतणं सगळं माझ्याकडं आलं. भरला कट्टा पाठीवर घेऊन मी पळत होतो, पण खाटेवर पडलेल्या बाईचं लुगडं तिला न दुखवता कसं बदलायचं, हे मला कोणत्या मुकादमानं शिकवलं असतं? त्या दिवसांत तालुक्याहून एक ताई यायला लागल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी शांताला रामराम केला, तिचा हात हातात घेऊन थोडं बसल्या, आणि मग सरळ चुलीपाशी माझ्याजवळ आल्या.

"बाबा, जेवले का?"

"पेशंट तिकडं खाटीवर हाय," मी म्हटलं.

"एक तिकडं हाय, एक इकडं हाय. तिकडची बोलत नाही आन् इकडचा खोटं बोलते. सांगा, जेवले का?"

मी जेवलो नव्हतो. आदल्या दिवशीही नव्हतो.

शांता गेली, तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. ताई पुन्हा दारात. मी म्हटलं, "आता कोणाले पाहाले आल्या? खाट तर रिकामी हाय." त्या म्हणाल्या, "राहिला त्याले." अशा येत राहिल्या, आणि एक दिवस म्हणाल्या, "बाबा, माझ्यासोबत चला. सुना-लेकींशी मी बोलते, ते मले जमते. पण बायकोची सेवा करणारे बुढे माणसं माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत. लुगडं कसं बदलायचं सांगाले गेली की भिंतीकडं पाहून राहतात. तुमच्याशी बोलतील."

गेलो. खरंच बोलले. बाईमाणसासमोर मान खाली घालणारा बुढा माझ्याजवळ बसला की बिडी पेटवतो आणि सांगतो, "यार, ते कूस बदलवताना माही कंबर जाते." मग मी दाखवतो. अर्धं लुगडं आधी अंगाखाली लोटायचं, माणूस आपल्याकडं वळवायचं, मग पलीकडून ओढून घ्यायचं. ही माझी विद्या. ज्या देहावर ती शिकलो तो आता नाही, एवढंच.

बाकीचं काम ताईंनी शिकवलं, तेही थोडक्यात सांगतो. घरात गेल्यावर आधी सेवा करणाऱ्याची विचारपूस करायची, आजाऱ्याची नंतर. "धीर धरा" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्यानं कोणाची भाकर भाजत नाही. त्यापेक्षा विचारायचं, दिवसातल्या कोणत्या वेळी तुमचं डोकं फिरते आणि तेव्हा शेजारचं कोण येऊन बसू शकते. आणि ज्याची याद जाऊन राहिली त्याची परीक्षा घ्यायची नाही. "आठवते का?" हा प्रश्न बंद. लंगड्याला शर्यतीत उभं करून टाळ्या वाजवू नये.

आमचे काही पेशंट मोठे नामी. पवनीत एक बुढा होता. त्याची कवळी हरवली की सून चोर. अडकित्ता हरवला की सून चोर. सून बिचारी त्याचं सगळं करून वर गावभर बदनाम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हा कोण चोट्टा आणला?"

मी म्हटलं, "मीच व्हय तो. तुमचा अडकित्ता मीच नेला."

"मंग दे वापस!"

"उद्या आणतो जी."

बुढा शांत झाला. सून मला दारापर्यंत सोडायला आली, तिचे डोळे मोठे झालेले. "मामा, तुमी कायले चोरी कबूल केली?"

"मी तर सायकलीवर बसून चाललो, बाई. तुले इथंच राहाचं हाय."

तेव्हापासून त्या घरात काही सापडलं नाही की बुढा ओरडे, "दयाराम आलता का?" मी त्या घरचा पगारी चोर झालो. तो वारला तेव्हा मी मातीला गेलो होतो. सून रडता रडता मला पाहून हसली. या कामात यापेक्षा मोठी शाबासकी मला मिळाली नाही.

मोहाडीकडची एक लेक आईची सेवा करे. ती एकदा आमच्यासमोर भाजी निवडता निवडता म्हणाली, "मरत काहून नाही हे?" म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून बसली. ताईंनी तिला एक शब्द सुनावला नाही. तिच्या पुढ्यातली भाजी आपल्या पुढ्यात ओढली आणि निवडत बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बाबा, जे बोलून टाकते तिची मले भीती नाही. जे बोलत नाही तिच्या घरी आपण जास्त जाऊ."

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्याच्याकडं येतो.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जी गावं गेली त्यातल्या एका गावचा मंगरू. आता नव्या वस्तीत राहतो. नवी वस्ती म्हणजे सरळ रस्ते आणि एकासारखं एक घर. त्याची बायको कौतिका याद जाऊन राहिलेली. ती दाराबाहेर पडली की कोणाच्याही घरात शिरून झाडू हातात घेई आणि त्यांचं आंगण झाडे. लोक तिला हात धरून आणून सोडत. "काकी, तुमचं घर पलीकडं हाय जी," म्हणत. आंगण मात्र झाडून झाल्यावरच आणून सोडत, असं मंगरू म्हणे.

भाताच्या रोवण्याचे दिवस होते. मी गेलो तेव्हा मंगरू नळावर लुगडं धूत होता. रस्त्यानं जाणारा एक जण त्याला म्हणाला, "काय मंगरूभाऊ, लुगडं नेसायचं राहिलं फक्त!" मंगरूनं मान वर न करता उत्तर दिलं, "तुही बायको पडू दे, मंग तुले नेसवतो." मला हा माणूस तिथंच आवडला.

मी ओळख सांगितली. तो म्हणाला, "सरकारी हाय का?"

"नाही. रिकामा हाय."

"मंग बस."

मी लुगड्याची, कूस बदलायची गोष्ट काढली तर त्यानं हात झटकला. "ते मले येते. रांधणं येते, न्हाऊ घालणं येते. ते नोको शिकवू. मले येवढंच सांग, दयाराम. ते मले ओळखते का नाही?"

भंडाऱ्याला डॉक्टरकडं नेलं होतं, ते त्यानं सांगितलं. डॉक्टर भला माणूस, वेळ देऊन बसला. "आजी, हे कोण?" त्यानं मंगरूकडं बोट दाखवून विचारलं. कौतिका गप्प. "यांचं नाव काय?" गप्प. "बरं, वार सांगा." तर वार सांगितले, पण त्यातही चुकली. डॉक्टरनं समजावून सांगितलं, याद उतरत जाईल, सांभाळा, गोळ्या द्या. त्यानं खोटं काही सांगितलं नाही. पण मंगरूच्या मनात त्या दिवशी जो काटा गेला तो गेलाच.

"घरी ते मले पाहून म्हणते, हा बुढा कोण व्हय? न्हाऊ घालाले गेलो का हात झटकते, भेते. मी लुगड्याले हात लावला का असी पाहते जसा कोणी परका माणूस घरात शिरला." तो थांबला. नळाचं पाणी वाहून राहिलं होतं, ते त्यानं बंद केलं. "हागमूत काढाची मले लाज नाही. पण तिच्यासाठी मी परका असन, तर परक्या माणसानं रोज तिचं लुगडं सोडाव का? तूच सांग."

मी त्याच्या हातातल्या लुगड्याचं दुसरं टोक धरून पिळू लागलो.

त्यांचा पोरगा रमेश नागपूरला नोकरी करतो. तो म्हणे आईला तिकडं न्यायचं, दिवसभरासाठी बाई लावायची. पोरगा वाईट नाही. बापाची कंबर मोडून राहिली हे त्यालाही दिसत होतं. बापानं बांधी, म्हणजे धानाचं शेत, सोडून नागपूरच्या दोन खोल्यांत यावं असंही तो म्हणाला, पण तिथं मंगरू काय करणार? मंगरूनं त्याच्याकडून मुदत मागून घेतली होती. "पोळ्याले येजो गाडी घेऊन. तवापर्यंत तिनं एक डाव माह्यं नाव घेतलं तर नाही पाठवत. नाही घेतलं तर ने. बाईमाणसाच्या हातून होऊ दे तिचं."

मग तो रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून विचारी. मी सांगितलं, परीक्षा घेऊ नको गा. तो ऐकेना. माझ्यासमोरच त्यानं एकदा घेतली.

"कौतिके, माह्यं नाव सांग."

ती भिंतीकडं पाहून राहिली.

"बरं, वार सांग."

लहान पोर शाळेत म्हणते तशा सुरात तिनं म्हटले. "आयतवार, सोमवार..." इथं अडखळली. हातानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "बुधवार, बेस्तरवार, सुक्रवार, सनिवार."

"पाह्यलं?" मंगरू माझ्याकडं वळला. "सगळे वार हायेत. मंगरवार नाही. मंगरवारचा जल्म म्हणून मायनं माह्यं नाव मंगरू ठेवलं. नेमका माह्याच नावाचा वार तिच्या डोक्स्यातून गेला. दुसरा कोणता नाही गेला, माह्याच गेला."

मीही मान हलवली. मला वाटलं, बरोबर बोलून राहिला. आणि मी सायकल घेऊन निघून आलो. घरी आलो तर स्वतःशीच बोलत होतो. शांता असती तर म्हणाली असती, "भिंतीशी काय बोलता, मी मेली का?"

पोळा जवळ आला तसं मी ताईंना सोबत घेऊन गेलो. म्हटलं, तुम्हीच समजवा त्याला. आम्ही घरापुढच्या छपरीत बसलो. मंगरूच्या धाकट्या भावाची विधवा, पार्बता, शेजारच्याच घरात राहते. ती भाजीची वाटी घेऊन आली होती, पण आत दाराच्या आडोशाला उभी राहिली. मंगरू तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर. त्याच्यासमोर ती येत नाही, त्याच्याशी सरळ बोलतही नाही. जन्म गेला, असंच चाललं.

मंगरूनं ताईंनाही तीच परीक्षा दाखवली. त्याला जणू पुरावा द्यायचा होता. "सांग, वार सांग."

"आयतवार, सोमवार..." पदर पुढं. "बुधवार..."

दारामागं कोणीतरी फिसकन हसलं.

मंगरू भडकला. "कोण हासून राहिलं? माहा जीव चालला आन् हासणं सुचते?"

दारामागून आवाज आला, पण तो ताईंना उद्देशून. "ताई, भासऱ्यांले म्हणा, भुलली नाही ते."

"मग वार काहून गाळते?" ताईंनी विचारलं.

"मी सांगते वार, आयका. आयतवार, सोमवार," इथं दाराआडून हात वर गेलेला दिसला, पदर कपाळावर आला, "बुधवार, बेस्तरवार, सुक्रवार, सनिवार. झाले. माह्या बी तोंडात नाही येत तो वार, ताई. भासऱ्याचं नाव व्हय ना ते! तिच्या तर नवऱ्याचं. कसी घेईल?"

पार्बताच पुढं म्हणाली, "जुन्या गावी त्या दिवसी बाजार भरे. मंग आमी बाया म्हणो, आयतवार, सोमवार, बाजार, बुधवार. कोणाले समजतच नव्हतं. इथं नव्या गावात बाजार सुक्रवारी भरते. मंग त्या दिवसाले काय म्हणाव बाईनं?"

तुम्हा नव्या लोकांना हे खोटं वाटेल. आमच्या वेळच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, आणि नावासारखा नुसता शब्द आला तरी जीभ वळवून नेत. माझं नाव दयाराम. शांता देवासमोर हात जोडून "दया कर" कधी म्हणाली नाही. "किरपा कर" म्हणे. मी चिडवत होतो, "देवासंगं हिंदी कायले बोलते वं?" ती म्हणे, "तुमच्याच पायी." पंगतीत कोणी म्हटलं, "वाढणाऱ्याले काही दयामाया?" तर ही म्हणे, "नुसती माया चालन का?" सगळी पंगत हसे. हे सगळं माझ्या घरात घडलेलं, आणि मंगरूच्या छपरीत बसून मी नंदीबैलासारखी मान हलवून आलो होतो.

मंगरू कौतिकाकडं पाहून राहिला. म्हणाला, "पदर ओढे तवा मले वाटे माशी बसली."

ताई मात्र सरळ बोलणाऱ्या. त्यांनी त्याला गोड गोळी दिली नाही. "बाबा, यावरून ते तुमाले पाहून ओळखते असं समजू नका. तुमाले 'हा बुढा कोण' म्हणते, ते बी खरंच हाय. तिच्या मनातला नवरा काळ्या केसांचा असन."

"असू दे," मंगरू म्हणाला. "त्याचं नाव तर राखून हाय ना ते."

मग कामाचं बोलणं झालं. आंघोळ आणि लुगडं यापुढं पार्बतानं करायचं, मंगरूनं त्या वेळात बांधीवर जाऊन यायचं. हे पार्बता कधीची करायला तयार होती, पण भासऱ्याला सांगणार कोण, आणि भासरा तिला विचारणार कसा? दोघांमधे एक भिंत, आणि अलीकडून पलीकडं एक शब्द जात नव्हता. तो ताईंनी नेला. अर्धं समुपदेशन म्हणजे असे निरोप पोचवणं, दुसरं काही नाही.

राहिला प्रश्न मंगरूला पाहून भिण्याचा. पवनीच्या बुढ्याची चोरी मला आठवली. मी म्हटलं, "मंगरू, मी तिकडं चोर झालो, तू इकडं गडी हो. तिच्याजवळ जाशील तवा म्हण, मंगरूनं धाडलं मले."

"सोताच सोताले धाडू?"

"धाडून तर पाह्य."

त्यानं तिथंच पाहिलं. पेलाभर पाणी घेऊन गेला. कौतिका मागं सरकली. तो म्हणाला, "मले मंगरूनं धाडलं, बाई. पाणी पे."

तिचा हात पदराकडं गेला. पेला घेतला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं त्याला विचारलं, "ते कुठी गेले?"

मंगरू म्हणाला, "बांधीत."

"जेवले?"

"नाही अजून."

"मंग मले काय पाजता पाणी? पयले त्याइले भाकर नेऊन द्या. भूक नाही सोसत त्याइले."

तो पेला घेऊन आला आणि आमच्यासमोर बसला. म्हणाला, "दयाराम, भूक मले खरंच नाही सोसत गा."

ताईंनी तोंड फिरवलं. त्या शिकलेल्या आहेत, घरात रडायचं नाही हा त्यांचाच नियम आहे.

त्यानंतर तो रोज तिचा गडी म्हणून तिला भाकर भरवी, आणि ती रोज त्याच्याजवळ नवऱ्याची चौकशी करी. ते आले का, पाण्यात उभे राहून पाय कुजले का, तंबाखू फार खातात, त्याइले सांगा. मला तो एकेक गोष्ट सांगे आणि वर म्हणे, "इतकं तर धड असताना बी नव्हती बोलत माह्याबद्दल." मी ऐकत होतो. माझं तोंड कडू होत होतं, हेही लिहून टाकतो. मला वाटे, माझ्या घरी असा कोण गडी आहे की ज्याला शांता माझ्याबद्दल काही सांगून गेली असेल?

पोळ्याच्या दिवशी दारोदारी पळसाच्या फांद्या रोवल्या होत्या. मंगरूनं मला बोलावलं होतं. "पोरगा येते, तू बाजूले बस," म्हणाला. रमेश गाडी घेऊन आला. आईचे कपडे भरायला नवी बॅगही आणली होती. त्यानं आईच्या पायाला हात लावला. तिनं त्याला, "कोण्या गावचे जी?" म्हणून विचारलं. त्याचा चेहरा पडला. मला त्याचीही दया आली.

"बाबा, झालं ना आता? बॅग भरू?"

"नाही जात ते," मंगरू म्हणाला.

"आपलं काय ठरलं होतं? तुमीच म्हणले होते. आणि तुमची कंबर पाहा. उद्या तुमी पडले तर दोघांले कोण उचलते? मी तिकडं कसा झोपतो ते मलेच माहीत." त्याचा आवाज चढला. "तिले माझं नाव येत नाही, ठीक हाय. तुमचं तरी येते का?"

"येते."

"मग घेते का?"

"येते म्हणूनच घेत नाही," मंगरू म्हणाला.

रमेशला समजलं नाही. तो माझ्याकडं पाहू लागला. मी त्याला घरामागच्या सांदवाडीत नेऊन सगळं सांगितलं, वार, पदर, जुन्या गावचा बाजार. ऐकता ऐकता तो खाली बसला. म्हणाला, "लहानपणी मी शाळेत वार सोमवार, बाजार, बुधवार असे म्हटले होते. गुरुजीनं कान पिळला होता. मले आईनंच शिकवले होते."

तरी तो पोरगा शहाणा. बापाचं ऐकलं, पण आपलंही सोडलं नाही. दर पंधरवड्याला येतो म्हणाला, बापाला कंबरेचा पट्टा बांधायला डॉक्टरकडं नेतो म्हणाला, आणि बाप पडला तर मग कोणाचं ऐकणार नाही, असंही म्हणाला. तेही बरोबरच आहे. आम्ही केलं ते चांगलं केलं की नाही, मला माहीत नाही. मंगरूची कंबर काही त्या दिवशी नवी झाली नाही. कौतिकाची याद उतरतच जाणार. एक दिवस तिचा हात पदराकडं जाणार नाही, आणि ती सातही वार सरळ म्हणून टाकील. त्या दिवशी मंगरूजवळ बसायला मला जावं लागेल. हे त्यालाही ठाऊक आहे. आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

रमेशची गाडी रिकामी बॅग घेऊन गेली. आम्ही दोघं छपरीत बसलो. मंगरूनं तंबाखू मळली, मला दिली.

तेवढ्यात आतून हाक आली. "अवो..."

आमच्याकडं बायको नवऱ्याला हाक मारते ती एवढीच. आम्ही दोघंही बुढे एकदम वळलो.

लकव्यात शांताचे सगळे शब्द गेले होते, हा एक राहिला होता. पाणी पाहिजे तरी अवो, कूस दुखली तरी अवो, मी नुसता दाराबाहेर गेलो तरी अवो. बाकी लोकांसाठी मी आहे अजून. कोणाचा मामा, कोणाचा बाबा, पवनीत चोर. अवो मी कोणाचाच नाही.

कौतिका आमच्याकडं पाहून नव्हती बोलली. तिचे डोळे मागच्या दाराकडं होते, जिथून माणूस बांधीतून घरी येतो.

"ओ," मंगरू म्हणाला. "आलो वं." आणि कंबरेला हात लावून उठला, आत गेला.

तो 'ओ' माझ्याही जिभेवर आला होता. तंबाखूसोबत गिळला.